एक पाना कमी



गेल्या वेळी मी गुडघेदुखीवर लिहिलं होतं. या वेळी औषधाच्या बाटल्यांना सुट्टी. या वेळी माझ्या थोरल्या नातीची गोष्ट सांगते. तिला विचारून सांगते आहे. ती म्हणाली, "लिही सावता, पण माझं नाव नको आणि तळाचं नाव तर अजिबात नको." सैन्यातल्या गोष्टी तशाही चव्हाट्यावर मांडायच्या नसतात, म्हणून दोन्ही लिहीत नाही.

गेल्या उन्हाळ्यात तिची भरती झाली. तेल हाशोमेरला बाकूमला सोडायला आम्ही सगळे गेलो होतो. तिची आई, तिचा बाप, धाकटा भाऊ, आणि हातात डबा घेऊन मी. 2023 च्या 7 ऑक्टोबरनंतर या देशातल्या कुठल्याच आईचं काळीज जागेवर नाही. बसमध्ये चढताना पोरगी हसत होती आणि आम्ही सगळे रडत होतो. बस वळली तशी तीही रडली म्हणे, पण ते तिने पुढे दोन महिन्यांनी कबूल केलं.

मुलांनो, बाकूममध्ये काय होतं ते ऐका. नव्या भरतीला एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर नेतात. एका ठिकाणी फोटो, दुसरीकडे बोटांचे ठसे, तिसरीकडे दातांचा एक्स-रे, मग इंजेक्शनं. मग गणवेश, बूट आणि सगळं कोंबायला एक लांबलचक किटबॅग. गळ्यात नाव-नंबराचा बिल्ला घालतात, आणि तसेच बिल्ले दोन्ही बुटांतही असतात. ते कशासाठी असतात ते नर्सला सांगावं लागत नाही. मी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही.

त्यानंतर तिरोनूत, म्हणजे पहिलं कच्चं शिक्षण. सगळं मिनिटांवर चालतं. तीन मिनिटांत रांगेत, दोन मिनिटांत पाण्याच्या बाटल्या भरून हजर. रायफल झोपतानासुद्धा जवळ. पाणी प्यायचाही हुकूम, आणि तो हुकूम मला फार आवडला. आमच्या वॉर्डात म्हाताऱ्यांना पाणी पाजताना तसा हुकूम सोडायची सोय असती तर किती सलाईनच्या बाटल्या वाचल्या असत्या!

तिथे तिने एक नवा शब्द आणला, "किटबॅगचा प्रश्न". कमांडर सांगते, पाच मिनिटांत मैदानावर या. सगळे निमूट निघतात, तेवढ्यात एखादा शहाणा हात वर करून विचारतो, "किटबॅग घेऊन यायचं का?" कमांडरच्या मनातही नसतं, पण आता विचारलंच आहे तर, "हो, किटबॅग घेऊन!" मग सगळी पलटण तो बोजा पाठीवर घेऊन धावते आणि विचारणाऱ्याला मनातल्या मनात शिव्या देते. मी म्हटलं, हे तर आपलं "आ बैल मुझे मार" झालं. पोरीला ते इतकं आवडलं, की तिने आपल्या तंबूतल्या सगळ्या मुलींना ते पाठ करायला लावलं.

पायाला फोड आले तेव्हा मात्र तिने माझं ऐकलं. ज्यांची नातवंडं आता जाणार आहेत त्यांच्यासाठी सांगते. नवे बूट घरी आणले की पहिल्या सुट्टीत घरभर घालून फिरायला लावा. मोजे रोज धुतलेले आणि कोरडे हवेत. फोड आला तर सुई घेऊन फोडू नका, वरची कातडी हेच त्याचं झाकण. आणि लाली पसरली, गरम लागलं, पू दिसला, तर लाजायचं नाही, सरळ तळावरच्या डॉक्टरकडे जायचं.

मग शपथविधी झाला. एका हातात रायफल, दुसऱ्या हातात तनाख. आपल्या बाया पदराने डोळे पुसत होत्या. मी त्या दिवशी एलियाहू हन्नाबीचा मलिदा बोलले. पोरगी शिक्षणाला लागू दे, सुखरूप राहू दे, मी मलिदा करीन. ही आपली जुनी चाल आहे. पोर सैन्यात निघालं की मलिदा, परत आलं की मलिदा.

पण पोरगी नाराज होती. तिला गुप्तवार्ता विभागात जायचं होतं, नाहीतर सीमेवर. कागद आला तो रणगाड्यांच्या दुरुस्तीच्या शिक्षणाचा, आणि त्यातही वीजकामाचा. फोनवर म्हणाली, "सावता, माझ्या मैत्रिणी संगणकापुढे बसणार आणि मी मेकॅनिक होणार? माझे हात कसे होतील बघ." नातेवाइकांनीही भर घातली. एक जण म्हणाली, "पोरीच्या जातीच्या हातात पाना?" मी तिला म्हटलं, "बाई, तुझी पणजी कोकणात घाण्याच्या बैलामागे फिरत होती, तिच्या हाताला तेल नव्हतं का?"

मुलांनो, हे तुम्हाला ठाऊक हवं. आपल्या लोकांना कोकणात "शनिवार तेली" म्हणत. तेलाचे घाणे चालवायचे म्हणून तेली, आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून शनिवार तेली. शेजाऱ्यांना आपला धर्म ठाऊक नव्हता, पण शनिवारी यांचा घाणा बंद असतो एवढं दिसत होतं. तेलाच्या हातांनीच आपल्याला आपलं नाव दिलं. पुढे आपले पुष्कळ लोक इंग्रजांच्या पलटणींत गेले. मुंबईचं पहिलं सिनेगॉग 1796 साली बांधलं ते सामाजी हसाजी दिवेकर यांनी, आणि तेही कंपनी सरकारच्या पलटणीतले. तेव्हा तेल काय आणि पलटण काय, आपल्या घरात दोन्ही नवी नाहीत. नातीला हे सांगितलं तेव्हा ती नुसती "हूं" म्हणाली. पण पुढच्या आठवड्यात तिच्या वहीवर हिब्रूत लिहिलेलं होतं, "शनिवार तेलीण".

आता या शाळांविषयी थोडं. जुन्या मंडळींना त्स्रिफिन ठाऊक आहे. रणगाडे आणि गाड्यांच्या दुरुस्तीची शाळा, बहाद 20, पूर्वी तिथे होती. वायुदलात घेतलेली तांत्रिक मुलं हैफाला जात. आता निगेव्हमध्ये, बीर शेवाहून येरुहामकडे जाताना, एक मोठं प्रशिक्षण-शहरच वसवलं आहे. त्याला अरिएल शारोन यांचं नाव दिलं आहे. 2015 च्या सुमारास एकेक शाळा तिकडे हलल्या. दुरुस्तीची, रसदीची, वैद्यकीय, संदेशवहनाची. दिमोना आणि येरुहामच्या आपल्या वाचकांना रविवारी सकाळी किटबॅगवाल्या मुलांनी भरलेल्या बस दिसतात, त्या तिकडच्याच.

माझ्या नातीच्या शाळेत पहिल्या दिवशी मुलांना मेर्कावा रणगाड्यापुढे उभं केलं. साठ टनांहून जास्त वजनाचं ते धूड. ब्रिटिशांनी 1969 साली आपले रणगाडे द्यायला नकार दिला, तेव्हा जनरल इस्राएल ताल यांच्या हाताखाली इथेच रणगाडा बनवायचं काम सुरू झालं, आणि 1979 साली पहिला मेर्कावा सैन्याला मिळाला. बहुतेक रणगाड्यांचं इंजिन मागे असतं, याचं पुढे. का? समोरून गोळा आलाच तर तो आधी लोखंडाला आणि इंजिनाला लागावा, माणसाला नाही. इंजिन दुसरं मिळतं, पोर दुसरं मिळत नाही. शिवाय त्यामुळे मागच्या बाजूला दार ठेवता आलं. त्या दारातून जखमी माणसाला बाहेर काढता येतं. नर्स म्हणून मला ते मागचं दार सगळ्यात आवडलं. चौथ्या पिढीच्या मेर्कावाचं इंजिन 1500 अश्वशक्तीचं आहे, म्हणजे आपल्या दारातल्या साध्या मोटारीच्या पंधरा तरी मोटारी एकत्र बांधा.

पण या सगळ्या ताकदीला जागं करणारी वीज फक्त 24 व्होल्टची असते, आणि तिथेच आमच्या पोरीचं घोडं अडलं. पहिल्या परीक्षेत नापास! रात्री त्यांना थोडा वेळ फोन देतात, त्यात तिने रडून घेतलं. व्होल्ट, अँपिअर, ओहम, सगळा गोंधळ. म्हणाली, "मला नाही जमणार. मी बदली मागते, स्वयंपाकघरात टाकलं तरी चालेल."

मी मराठी शाळेत शिकलेली. पदार्थविज्ञानाच्या बाई सांगत ते थोडं आठवत होतं, पण ते तिला हिब्रूत कसं सांगणार? मग मला आमची सलाईन आठवली. म्हटलं, "ऐक. बाटली जितकी उंच टांगशील तितका जोर जास्त. तो तुझा व्होल्ट. नळीतून जे थेंब पडतात तो अँपिअर. आणि नळीवर ते चाक असतं ना, घट्ट केलं की थेंब कमी होतात? तो ओहम. बाटली तिथेच आहे आणि चाक दुप्पट घट्ट केलंस, तर थेंब किती?" ती म्हणाली, "निम्मे." "मग 24 व्होल्ट आहेत आणि 12 ओहम, तर किती?" जरा थांबून म्हणाली, "दोन." मी म्हटलं, "झालं! आता वायर तुटली म्हणजे काय?" ती म्हणाली, "नळी निघाली, थेंब बंद." "आणि शॉर्ट सर्किट?" तर तीच ओरडली, "चाक पूर्ण उघडलं, सगळी बाटली एकदम गेली!" फेरपरीक्षेत पास झाली. नर्सिंगची विद्या रणगाड्याला उपयोगी पडेल, असं माझ्या मेट्रनला कोणी सांगितलं असतं तर ती काय म्हणाली असती देव जाणे.

तर आता मुख्य गोष्ट.

मलिद्याचा दिवस ठरला होता. मोत्सेई शब्बाथची रात्र. अश्दोदहून, लोदहून माणसं येणार होती. पोहे भिजवायला काढले होते, नारळ आणले होते. गुरुवारी रात्री पोरीचा फोन आला. रडवेला आवाज. "सावता, मी शब्बाथला घरी येत नाही. एक माफ्तेआख हरवला होता."

मला वाटलं किल्ली. हिब्रूत किल्लीला आणि पान्याला एकच शब्द. मी म्हटलं, "अगं, कुठल्या दाराची? दुसरी करून घेतील." म्हणाली, "दाराची नाही, पाना! तेरा नंबरचा पाना!"

त्यांच्या वर्कशॉपमध्ये भिंतीवर एक फळा असतो. प्रत्येक हत्याराचा आकार त्यावर रंगवलेला. पाना काढला की त्याच्या जागी रिकामी सावली दिसते. घेताना वहीत सही करायची, परत करताना सही करायची. दिवस संपला की मोजणी. एक जरी कमी असला तरी कोणी घरी जात नाही. माझ्या पोरीने बॅटरीचं एक टोक आवळायला दोन मिनिटांसाठी पाना घेतला, सही केली नाही, आणि तेवढ्यात तिला दुसऱ्या कामाला हाक मारली. पाना बॅटरीच्या पेटीवर तसाच राहिला. संध्याकाळी मोजणीत सावली रिकामी, आणि वहीत कोणाचंच नाव नाही. सगळ्या वर्गाला उभं केलं. शिकवणारीने विचारलं, "कोणाकडे?" कोणी बोललं नाही.

पोरीला आठवलं होतं. पण तिच्या तोंडून शब्द निघेना. बाकीच्यांना घरी जायची गाडी गाठायची होती. सगळे गाड्यांखाली, कपाटांमागे शोधत राहिले. चाळीस मिनिटांनी ती पुढे झाली आणि म्हणाली, "मी घेतला होता." पाना सापडला. पण गाडी चुकली होती. मुली तिच्याशी बोलेनात, आणि तिला शब्बाथला तळावर राहायची शिक्षा झाली.

हे ऐकून माझी मुलगी, म्हणजे तिची आई, तापली. "एवढ्याशा पान्यासाठी? आणि खरं बोलली तर शिक्षा? मी आत्ता तिच्या कमांडरला फोन करते!" आपल्या या देशात आईबाप कमांडरला फोन करतात, हे वाचकांना ठाऊक आहेच. मी तिच्या हातातून फोन घेतला. म्हटलं, "तो पाना बॅटरीच्या दोन टोकांवर आडवा पडला असता तर काय झालं असतं ठाऊक आहे? ठिणगी, आग, आणि आत माणसं. उद्या मला तळाच्या दारापर्यंत ने."

शुक्रवारी सकाळी आम्ही गेलो. डब्यात नारळाच्या दुधातली कोंबडी, चपात्या आणि तळलेला मासा. दाराशी तिला पाऊण तास दिला. तिची नखं काळी झाली होती. बाकावर बसली आणि जेवण पुढे ठेवूनच म्हणाली, "सावता, मी गप्प राहिले असते तर कोणाला कळलं नसतं. पाना केव्हातरी सापडलाच असता. मी बोलले ते चुकलं का?"

वाचकहो, तेव्हा मी तिला जे सांगितलं ते मी माझ्या नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं. आता तुम्हाला सांगते.

1969 साल. मी मुंबईत एका हॉस्पिटलात शिकाऊ नर्स होते. ऑपरेशन थिएटरमध्ये माझं काम मोजणीचं. पोट उघडण्याआधी गॉजचे तुकडे मोजायचे, शिवण्याआधी पुन्हा मोजायचे. त्या दिवशी एक कमी आला. सर्जनने शिवणं थांबवलं आणि पोटात पुन्हा हात घालून शोधायला लागले. बाई टेबलावर, भूल चढलेली, पोट उघडं. आणि मला आठवलं, एक तुकडा जमिनीवर पडला होता. तो मी नियम मोडून उचलला आणि घाणीच्या बादलीत टाकला होता, पसारा दिसू नये म्हणून. ती बादली बाहेर गेली होती. मला बोलायचं होतं, पण सिस्टरच्या भीतीने जीभ उचलेना. सात-आठ मिनिटं मी तशीच उभी राहिले. मग बोलले. बादली शोधली, तुकडा सापडला, पोट शिवलं. बाई बरी होऊन घरी गेली, देवाची कृपा.

दुसऱ्या दिवशी सिस्टरने मला बोलावलं. वाटलं, काढून टाकणार. ती म्हणाली, "तुकडा टाकलास ही चूक. ती सगळ्यांच्या हातून होते, म्हणून तर मोजतो. पण तू सात मिनिटं गप्प बसलीस ती चूक नाही, तो गुन्हा. ती सात मिनिटं त्या बाईची होती." मग महिनाभर माझी सुट्टी बंद आणि बेडपॅनची ड्यूटी.

नात ऐकत होती. म्हणाली, "म्हणजे तुझी सात मिनिटं आणि माझी चाळीस." मी म्हटलं, "हो. पण तुझ्या टेबलावर कोणी झोपलेलं नव्हतं, हे तुझं नशीब. पुढच्या वेळी सातही नकोत." ती रडली नाही. चपातीचा तुकडा मोडला आणि जेवायला लागली. मग म्हणाली, "सावता, आमच्याकडे म्हणतात, रोश कतान होऊ नको, रोश गदोल हो." म्हणजे आपल्यापुरतं बघणारं लहान डोकं नको, जबाबदारी घेणारं मोठं डोकं हवं. मी म्हटलं, "आमच्या सिस्टरला हिब्रू येत नव्हतं, पण ती हेच सांगत होती."

आता मलिदा पुढे ढकलायचा की नाही? मी म्हटलं, बोललेला मलिदा आहे, होऊ दे. पण माझी मुलगी म्हणाली, "लोक विचारतील पोरगी कुठे, तर ड्यूटी आहे म्हणून सांगू." मी तिच्याकडे नुसतं बघितलं. आदल्याच दिवशी एवढं सांगून आले होते, आता कुठल्या तोंडाने खोटं बोलू?

रात्री माणसं जमली. पोहे, खोबरं, साखर, वेलची, वर फळं, ताट सजलं. पहिलाच प्रश्न आला, "नात दिसत नाही?" मी सगळ्यांसमोर सांगितलं, "तिच्याकडून एक पाना मोजणीत चुकला. चाळीस मिनिटांनी तिने कबूल केलं. म्हणून तिला शब्बाथला ठेवलं." क्षणभर सगळे गप्प. माझ्या मुलीची मान खाली.

तेवढ्यात कोपऱ्यातून आमचे एक अंकल बोलले. आलिया केल्यापासून निवृत्त होईपर्यंत त्यांनी लोदला विमानांच्या कारखान्यात, तआसिया अविरितमध्ये, काम केलं. म्हणाले, "आमच्याकडेही असाच फळा होता. एकदा एका पेचकसासाठी आम्ही अख्खी रात्र विमान उघडून बसलो होतो. शेवटी तो माझ्याच डब्याच्या पिशवीत निघाला." सगळे हसले. ते पुढे म्हणाले, "या पोरीने हात वर केला ना? मग तिने दुरुस्त केलेल्या रणगाड्यात माझा नातू बसला तरी मला झोप लागेल."

त्यांचा नातू खरोखरच रणगाड्यांच्या पलटणीत आहे. हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यानंतर कोणी थट्टा केली नाही. मग आशीर्वाद म्हटले, एलियाहू हन्नाबीचं गाणं झालं, आणि मलिद्याचा एक वाटा मी झाकून ठेवला.

पुढच्या शुक्रवारी पोरगी घरी आली. धुण्याची पिशवी दारात टाकली आणि आधी मलिदा मागितला. मी म्हटलं, "अगं, आठवड्याचा शिळा कसा देऊ, नवा करते." पोहे भिजवले. ती नारळ खवायला बसली. साबणाने तीनदा धुतले तरी तिच्या बोटांच्या रेघांत तेलाची काळी रेष होतीच. आईने तोंड वाकडं केलं. मी म्हटलं, असू दे. आपण तेलीच.

तिच्या वर्गातल्या मुली आता पुन्हा बोलायला लागल्या आहेत. आणि रोज संध्याकाळी फळ्यापुढे उभं राहून मोठ्याने मोजायचं काम कोणाला दिलंय? तिलाच!

मुलांनो, घरी जाऊन एक करा. आजी-आजोबांना विचारा, तुम्ही शिकाऊ होता तेव्हा तुमच्या हातून काय चुकलं होतं? आधी म्हणतील, काही नाही. थोडं थांबा, मग सांगतील.

एलियाहू हन्नाबी आपल्या सगळ्या लेकरांना सांभाळून घरी आणो. आमेन.